मूळ ध्वनी कोणता?

एकाच जॅझ अल्बमच्या निरनिराळ्या आवृत्त्या जमवून त्या एकापुढे एक लावून ऐकणाऱ्या संग्राहकाचा प्रश्न ठरलेला असतो: यांतली मूळ ध्वनीच्या सर्वांत जवळची कोणती? मूळ ध्वनी नावाची एकच गोष्ट कुठेतरी शाबूत आहे आणि प्रत्येक आवृत्ती तिच्यापासून कमीअधिक दूर आहे, हे यात गृहीत धरलेले असते. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’च्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही.

हा अल्बम २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवशी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. ही वास्तू पूर्वी चर्च होती. उंच छताखालची तिची घुमणारी हवा या तबकडीत ऐकू येते. ध्वनिमुद्रणाला दोन यंत्रे चालू होती, एक मुख्य आणि एक राखीव. मार्चच्या बैठकीत मुख्य यंत्र किंचित हळू फिरत होते. हळू फिरणाऱ्या यंत्रावर घेतलेली टेप नेमक्या वेगाने वाजवली की संगीत जलद होते आणि सूर चढतो. त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना, ‘सो व्हॉट’, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’, बाजारात आल्या त्याच चढ्या सुरात. १९९२ मध्ये राखीव टेपवरून सोनेरी सीडीची आवृत्ती निघाली, तेव्हा ही चूक दुरुस्त झाली. मधली तेहतीस वर्षे जगाने जे ऐकले ते त्या खोलीत त्या दिवशी वाजलेच नव्हते.

मग यातले मूळ कोणते? खोलीत वाजलेले संगीत, मुख्य टेप, की १९५९ ची तबकडी? पहिल्या आवृत्तीला भरमसाट किंमत मिळते ती ‘मूळ’ म्हणून, पण खोलीबद्दल ती खोटे सांगते. दुरुस्त आवृत्ती खोलीशी प्रामाणिक आहे, पण तबकडी लावून त्या रचना गिरवणाऱ्या वादकांच्या पिढ्यांनी ती कधी ऐकली नव्हती. पाठचिकित्सा करणाऱ्यांना हा पेच नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये त्याआधीची म्हणून एक पोथी छापली. भाषेचा अभ्यासक जुन्या पोथीकडे वळेल, पारायणाला बसणारा एकनाथांच्या परंपरेतल्या पाठाकडे. दोघांना हवी असलेली गोष्टच वेगळी आहे, त्यामुळे एकाला चूक ठरवून वाद मिटत नाही.

शब्द नित्य की अनित्य, या भारतीय दर्शनांतल्या जुन्या वादाचा इथे उपयोग होतो. मीमांसकांच्या मते शब्द नित्य असतो. उच्चार त्याला निर्माण करत नाही, फक्त प्रकट करतो. शबरस्वामींचा युक्तिवाद साधा आहे. कोणी ‘गो’ हा शब्द आठदा उच्चारला, तर लोक ‘गो शब्द आठ वेळा उच्चारला’ म्हणतात, ‘आठ गो शब्द’ म्हणत नाहीत. आवाज लहानमोठा होतो तो नादाचा फरक, शब्दाचा नव्हे. नैयायिकांना हे मान्य नाही. ध्वनी उपजतो आणि नष्ट होतो. पुढचा ध्वनी मागच्यासारखा असतो, तोच नसतो.

संग्राहक बोलतो मीमांसकासारखा. त्याच्याकडे ‘काइंड ऑफ ब्लू’च्या आठ प्रती असतात, आठ ‘काइंड ऑफ ब्लू’ नसतात. पण पैसे तो मोजतो नादासाठी, म्हणजे मीमांसकाने गौण ठरवलेल्या गोष्टीसाठी. यात विसंगती दिसली तरी जॅझच्या बाबतीत ती समर्थनीय आहे. कागदावर ‘सो व्हॉट’ म्हणजे बत्तीस मापांचा एक सांगाडा आणि दोन स्वरमाला, एवढेच. जिमी कॉबचा झांजेवरचा नेमका आघात, पॉल चेंबर्सच्या बासच्या तारेचा कंप, ट्रम्पेटमधला माइल्सचा श्वास हे काढून घेतले तर उरते ते कोणालाही वाजवता येईल. स्वरलिपीत बांधलेल्या सिंफनीचे एखादे ध्वनिमुद्रण निकृष्ट निघाले म्हणून सिंफनी बिघडत नाही. उत्स्फूर्त वादन एकदाच घडते आणि त्याची कृती नादातच असते. इथे नैयायिकांचे पारडे जड आहे.

नाद जपायचा म्हणजे तरी कोणाचा? ब्लू नोट कंपनीच्या १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या बहुतेक अल्बमांचे ध्वनिमुद्रण रूडी व्हॅन गेल्डरने केले. पेशाने तो डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढणारा. न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात त्याचे काम चाले. १९५९ मध्ये त्याने एंगलवुड क्लिफ्सला स्वतंत्र स्टुडिओ बांधला. जाणता संग्राहक जुनी तबकडी दिव्याखाली तिरकी धरतो आणि लेबलाभोवतीचा, संगीत संपल्यानंतरचा गुळगुळीत पट्टा आधी पाहतो. तिथे ‘आरव्हीजी’ अक्षरे असली, तर तबकडीची मूळ खाच व्हॅन गेल्डरने कापलेली. शेजारी कानासारखी बारीक खूण असली, तर ती प्लास्टीलाइट कारखान्यात दाबलेली, साधारण १९६६ पूर्वीची. पण खाच कापताना व्हॅन गेल्डर टेपवरचे सारे जसेच्या तसे उतरवत नसे. स्वस्त प्लेअरची सुई उडू नये म्हणून तो अगदी खालचे खर्ज स्वर कमी करी. २०१९ पासून निघणाऱ्या ‘टोन पोएट’ मालिकेत केविन ग्रेने त्याच टेपांवरून नव्याने खाच कापली. तिथे बास खोल उतरतो. म्हणजे नवी तबकडी टेपला जास्त इमानी आणि जुनी व्हॅन गेल्डरच्या निर्णयाला. त्याआधी म्हातारपणी व्हॅन गेल्डरने स्वतःच या टेपांवरून सीडींची मालिका तयार केली, तेव्हा तिचा आवाज टोचरा आणि दाबलेला असल्याची तक्रार अनेक श्रोत्यांनी केली. कर्त्याचा शब्दही निर्णायक मानला जात नाही तो असा.

आवृत्त्यांची तुलना करणाऱ्याकडे साधने दोन: प्रत्यक्ष आणि शब्द, म्हणजे स्वतःचा कान आणि विश्वसनीय माणसाचे सांगणे. कान सहज फसतो. दोन प्रतींच्या पातळीत एक डेसिबलचा फरक असला तरी मोठी वाजणारी जास्त जिवंत वाटते, म्हणून आधी पातळी जुळवल्याशिवाय केलेली तुलना फोल असते. आप्तवचनाची परीक्षा जुलै २०२२ मध्ये झाली. अस्सल मास्टर टेपवरून काढलेल्या महागड्या तबकड्यांसाठी मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकी कंपनी प्रसिद्ध होती, आणि तिच्या कामात डिजिटलचा स्पर्श नसतो असे ग्राहक धरून चालले होते. मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या ४०,००० प्रती तिच्या खास पद्धतीने काढण्याची घोषणा झाली, तेव्हा जाणकारांना शंका आली. त्या पद्धतीत एका कापलेल्या तबकडीतून थोड्याच प्रती निघतात. मग एवढ्या प्रतींसाठी जुनी टेप पुन्हा पुन्हा वाजवू कोण देईल? अखेर कंपनीच्या तंत्रज्ञांनी मान्य केले की अनेक तबकड्यांत टेप आणि खाच यांच्यामध्ये डिजिटल प्रत असते. ग्राहक कोर्टात गेले. यांतल्या कित्येक तबकड्या निव्वळ अ‍ॅनलॉगचे नमुने म्हणून वाखाणल्या गेल्या होत्या, आणि कबुलीनंतर त्यांच्या खाचेत काडीचाही बदल झाला नव्हता. यावरून कान निकामी ठरत नाही. ध्वनी चांगला आहे हे प्रत्यक्षाने कळते, तो कुठून आला हे मात्र शब्दानेच कळू शकते. पहिल्या प्रमाणाकडून दुसऱ्याचे काम करून घेतले जात होते. फसवले गेल्याची भावना तरीही रास्त होती, कारण लोकांनी दोन्हींचे पैसे मोजले होते.

टेपही कायमची नाही. जुन्या चुंबकीय टेपवरचा थर झिजतो, वरचे स्वर हळूहळू मावळतात. काही मास्टर टेपा गहाळ झाल्या. जॉन कोल्ट्रेनच्या ‘अ लव्ह सुप्रीम’ची २००२ ची आवृत्ती इंग्लंडला पाठवलेल्या जुन्या प्रतीवरून तयार करावी लागली. टेप ताजी असताना कापलेल्या तबकडीत आज टेपवर न उरलेला एखादा तपशील असू शकतो. त्यामुळे जुन्या प्रेसिंगची किंमत केवळ हौसेची नाही. मास्टरिंग करणारे तंत्रज्ञही नवी आवृत्ती काढताना जुनी तबकडी शेजारी लावून ऐकतात.