मुखावरण कोणासाठीं?

नाकातोंडावर पट्टी बांधून हिंडणारा मनुष्य कोणाचें रक्षण करीत असतो, स्वतःचें कीं दुसऱ्याचें, हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटेल. आम्हांसही तो तसाच वाटला असता. परंतु २०२० च्या साथींत एका किरकोळ प्रसंगानें तो आमच्या घरींच उपस्थित झाला, आणि तेव्हांपासून त्यानें आमचा पिच्छा सोडलेला नाहीं. पुढें वाटोळी झडप बसविलेला एक घट्ट मास्क आम्हीं त्या वेळीं बरेच पैसे मोजून मिळविला होता. तो लावून आम्ही आमच्या वृद्ध मावशींच्या समाचारास निघालों, तों धाकट्या भाच्यानें विचारलें, "ही झडप कशाला?" श्वास घेतांना ती मिटते, सोडतांना उघडते, त्यामुळें आंत दमटपणा सांचत नाहीं व जीव कोंडत नाहीं, असें आम्हीं मोठ्या प्रौढीनें सांगितलें. "म्हणजे तुमचा श्वास मावशीआजीवर तसाच जाणार ना?" या प्रश्नास उत्तर नव्हतें. आम्हीं मुकाट्यानें तीन पदरी कापडी पट्टी बांधली. पुढें जुलै २०२० मध्यें आरोग्य सेवा महासंचालकांनीं राज्यांस पत्र लिहून असल्या झडपेच्या मास्कांविरुद्ध इशारा दिला, तेव्हां भाच्यानें आपला विजय घरभर मिरविला हें सांगावयास नकोच.

झडप ज्यानें कल्पिली तो कांहीं आप्पलपोटा नव्हे. हें साधन मूळचें धुळींत राबणाऱ्या माणसाचें. दगड फोडणारा, रंगाचा फवारा मारणारा कामगार आठ आठ तास तें तोंडावर वागवितो. त्यास श्वास सोडणें जितकें सुलभ, तितका तें तो टाकून देण्याचा संभव कमी. शिवाय दगडास मावशी नसते. कामगाराच्या उच्छ्वासानें तेथें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. दोष असेल तर तें साधन खाणींतून उचलून रुग्णाच्या खोलींत नेणाऱ्या आमच्यासारख्यांचा. कोणास वांचवावयाचें याचा निर्णय वस्तूच्या घडणींतच आधीं झालेला असतो, आणि विकत घेणारा तो निर्णय न वाचतांच त्यावर सही करतो.

याच्या अगदीं उलट कल्पना आपल्या शेजारींच पुष्कळ शतकें नांदत आहे. स्थानकवासी जैन साधु मुखपत्ती बांधतात ती हवेंतील सूक्ष्म जीवांस आपल्या श्वासाची इजा होऊं नये म्हणून. पारशी दस्तूर अग्नीसमोर तोंडास पदान बांधतात तें आपल्या श्वासानें अग्नि विटाळूं नये म्हणून. या दोन्ही ठिकाणीं धोका बाहेर नसून तो आपल्याच तोंडांत आहे, ही भावना आहे. गंमत अशी कीं, १८९७ च्या सुमारास ब्रेस्लाव येथील मिकुलिच या शस्त्रवैद्यानें जाळीदार कापडाची पट्टी तोंडावर बांधली तिचाही हेतु हाच होता. बोलतांना उडणारे थुंकीचे कण रोग्याच्या जखमेंत पडूं नयेत, इतकेंच त्यास पाहिजे होतें.

दोन्ही हेतु एका पट्टींत एकत्र आले ते मांचुरियांत. १९१० च्या हिंवाळ्यांत हार्बिनकडे फुप्फुसाच्या प्लेगानें कहर मांडला. तो शमेपर्यंत सुमारें ६०,००० माणसें मेलीं. पेनांग येथें जन्मलेला व केंब्रिजला शिकलेला वू लियेन-तेह हा तरुण वैद्य तेथें गेला आणि हा रोग माणसाच्या श्वासावाटे माणसास होतो, असें त्यानें सांगितलें. तें ऐकावयास मोठमोठे तज्ज्ञ तयार नव्हते. मुंबईंत परळच्या प्रयोगशाळेंतील संशोधनानें प्लेगाचा दोष उंदरांच्या पिसवांकडे नुकताच सिद्ध झाला होता. तें गाठीच्या प्लेगापुरतें खरेंही होतें. मेस्नी नांवाचा अनुभवी फ्रेंच डॉक्टर वूचें न ऐकतां उघड्या तोंडानें रुग्णांकडे गेला व थोड्याच दिवसांत त्याच रोगानें मेला. वूचें मुखावरण म्हणजे जाळीच्या कापडाच्या घडींत कापसाचा जाड थर, इतकेंच. गांवांतल्या कोणालाही तें करतां यावें इतकें तें स्वस्त व सोपें होतें, आणि हा स्वस्तपणा आम्ही त्याच्या गुणांत प्रथम गणतों.

पुढची सुधारणा द्रव्याची. तीन दशांश मायक्रॉनच्या आसपासचा कण धरावयास सर्वांत कठीण. मोठे कण वेगानें तंतूंवर आदळतात, अगदीं लहान भरकटत येऊन चिकटतात, मधले मात्र निसटतात. त्यांस ओढून घेण्यासाठीं तंतूंवर विद्युद्भार बसवावा लागतो. १९३० च्या सुमारास डेन्मार्कच्या हॅन्सेननें लोकरींत राळ मिसळून हें साधलें. तैवानमध्यें जन्मलेल्या पीटर त्साय यांनीं अमेरिकेंत प्लास्टिकच्या बारीक तंतूंवर भार बसविण्याची जी रीत काढली तिचें पेटंट १९९५ सालीं निघालें. साबणानें धुतल्यास हा भार नाहींसा होतो. म्हणजे काटकसरी गृहिणीच्या हातीं जाऊन स्वच्छ झालेला मास्क दिसावयास पूर्वीसारखाच, पण गुणानें निम्माशिम्मा!

परंतु द्रव्याच्या या इतिहासांत एक पान असें आहे कीं तें उलटून पुढें जाववत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटननें सैनिकांसाठीं जीं वायुरोधक मुखावरणें केलीं, त्यांच्या गाळणींत निळा ॲस्बेस्टॉस घातलेला असे, कारण त्याचे तंतु अतिशय बारीक. नॉटिंगहॅमच्या कारखान्यांत तें काम बहुतेक स्त्रियांनीं केलें. कांहीं दशकांनंतर त्यांच्यापैकीं अनेकींस फुप्फुसाच्या आवरणाचा असाध्य कर्करोग झाला. एकाचा श्वास निर्मळ राहावा म्हणून जी गाळणी, तिची धूळ दुसरीनें उघड्या नाकानें हुंगली. यावर कोणी म्हणेल, तो आपद्धर्म होता. शिवाय या कर्करोगाचा संबंध १९६० पर्यंत स्पष्ट झाला नव्हता. दुसरें म्हणणें खरें आहे. पण ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसें निकामी करते हें ठाऊक होतें, आणि ब्रिटननें १९३१ सालीं त्यासंबंधीं कारखान्यांसाठीं नियमही केले होते. आपद्धर्म म्हणून स्वतःवर संकट ओढवून घेणें निराळें आणि दुसऱ्यास न विचारतां त्याच्यावर तें लोटणें निराळें. त्या स्त्रियांस कोणी विचारलें असतें तर त्यांतल्या कित्येकींनीं कदाचित् होकारही दिला असता. त्यांचे भाऊ, नवरे रणांगणावर होते. विचारलें मात्र नाहीं.

मावशींकडे त्या दिवशीं काय झालें तें सांगावयाचें राहिलें. त्यांस ऐकूं फार कमी येई. समोरच्याचे ओठ पाहून त्या बोलणें ओळखीत. आम्हीं पट्टींतून दोनदां विचारलें, "कशा आहांत?" त्या नुसत्या पाहत राहिल्या. मग आम्ही ओसरी उतरून अंगणाच्या पार टोकाला गेलों, पट्टी हनुवटीखालीं ओढली आणि तोच प्रश्न आवाज न काढतां, केवळ ओठांनीं विचारला. "बरी आहें," मावशी म्हणाल्या, "तूं वाळलास."