आपल्या वतीने

पुण्यात घर घ्यायचंय, पण मुलगा-सून नोकरीपायी बंगळुरूत आणि आईवडील कराडला. वाघोलीपासून बावधनपर्यंत दर रविवारी जिने चढत फिरणं दोघांनाही जमणारं नाही. मग घर शोधून देणारा माणूस नेमला जातो. एरवीचा एजंट विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून दोन्हीकडून ब्रोकरेज घेतो. हा मात्र फक्त खरेदीदाराचा. इमारती पाहायच्या, आजूबाजूचे भाव काढायचे, कागद जमवायचे आणि शेवटी घासाघीसही त्यानेच करायची.

यात गैर काहीच नाही. शहर ज्याला ठाऊक आहे त्याची नजर पैसे देऊन मिळत असेल तर जरूर घ्यावी. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून मुठेत पाणी सोडलं गेलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत ते घरांत शिरलं. एप्रिलमध्ये, नुकत्याच रंगवलेल्या पार्किंगमध्ये उभं राहून परगावच्या माणसाला हे कसं कळणार? जाणकार माणूस आधी पूररेषेचा नकाशा काढतो. दिवसाला किती टँकर येतात ते वॉचमनला विचारतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळालंय का, जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हे पाहिल्याशिवाय टोकनचा विषय काढू देत नाही. ‘पार्किंग वेगळे पैसे देऊन घेतलंय’ असं मालकाने सांगितलं तर इमारतीखालची मोकळी पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निर्णय त्याला माहीत असतो. अशा माणसाला पूर्ण मेहनताना द्यावा, त्यात काटकसर करू नये.

मला बोलायचंय ते पुढच्या गोष्टीबद्दल. त्याने आपल्यासाठी काय शोधलं, हे आपण बारकाईने पाहतो. आपल्या नावावर तो काय काय करतो, हे कोणी विचारत नाही.

ओळखीच्या एका कुटुंबाने कोथरूडमध्ये असाच फ्लॅट घेतला. जुनी सोसायटी, दुसरा मजला. विकणाऱ्या बाई सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. नवऱ्याच्या आजारपणात झालेलं कर्ज फेडायचं होतं. त्यांना महिन्याभरात पैसे हवेत, ही माहिती एजंटाने शेजारपाजारून काढली. मग पसंती कळवूनही टोकन लांबवत ठेवलं. दुसरा एक फ्लॅट जवळजवळ ठरलाय, असं त्यांना खोटंच सांगितलं. महिना संपत आला तेव्हा ठरलेल्या भावातून सात लाख तोडले. कुटुंबाला फोन आला तो फक्त आकड्याचा. घरात पेढे वाटले गेले. ही मंडळी सज्जन आहेत. त्या बाईंच्या समोर बसून, त्यांनी केलेला चहा घेत असं खोटं बोलणं त्यांच्यातल्या एकालाही जमलं नसतं. जे स्वतःला जमलं नसतं, नेमकं तेच पैसे मोजून करवून घेतलं गेलं.

त्या एजंटाचा मेहनताना कसा ठरला होता? भाव जितका खाली येईल, त्यातला ठरावीक वाटा त्याचा. खरेदीदाराला ही पद्धत सोयीची वाटते, आणि त्याला कारणही आहे. किमतीवर एक टक्का देऊ केला तर नव्वद लाखांच्या घरात पाच लाख कमी करवणाऱ्याचे स्वतःचे पाच हजार जातात. म्हणजे भाव वर राहण्यातच त्याचा फायदा. ते टाळायला वाट्याची युक्ती निघाली. पण या युक्तीने विकणाऱ्याच्या अडचणीला किंमत येते. समोरची व्यक्ती जितकी अगतिक, तितका एजंटाचा वाटा मोठा.

यावर हमखास येणारा प्रश्न असा, की मग घासाघीस करायचीच नाही का? जरूर करावी. बाथरूमच्या भिंतीत ओल आहे, लिफ्ट नाही, इमारतीला चाळीस वर्षं झाली, शेजारच्या विंगेत असाच फ्लॅट कमी भावात गेला, ही सगळी कारणं विकणाऱ्याच्या तोंडावर सांगता येतात. ‘तुम्ही अडचणीत आहात, म्हणून थांबवून ठेवलं’ हे कारण सांगता येत नाही. जे कारण समोर बसून सांगायची लाज वाटते, त्या कारणाने कमी झालेला भाव घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपला कायदा याबाबत बराच सरळ आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा सांगतो, की प्रतिनिधीने दिलेल्या अधिकारात केलेल्या कृतीचे परिणाम, ती आपण स्वतः केली असावी तसेच असतात. काम करताना त्याने केलेली दिशाभूलही आपल्याच खात्यात पडते. त्याच कायद्यात दुसरी बाजूही आहे: आपल्याला अंधारात ठेवून त्याने या व्यवहारात स्वतःचा लाभ करून घेतला, तर तो लाभ मागण्याचा हक्क आपल्याला आहे. दोन्हीकडून गुपचूप पैसे घेणाऱ्याला हे कोणीतरी सांगायला हवं. रेरा कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीपुरती. जुना फ्लॅट घेताना त्या नोंदणीवर विसंबता येत नाही. तिथे आपण त्याच्याशी काय ठरवलं, यावरच सगळं अवलंबून असतं.

रोखीच्या भागाबद्दल फार लिहायची गरज नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून मोठी रक्कम रोख घेण्याला प्राप्तिकर कायद्याने २०१५ पासून मनाई केली आहे. ‘ते एजंट बघून घेईल’ असं म्हणणारा माणूस ते स्वतःच करत असतो.

याहून खोलवर रुतलेली गोष्ट म्हणजे शेजार निवडण्याची. फोनवर एजंटाला हळूच सांगितलं जातं, ‘वस्ती आपल्यातली बघा.’ त्याला सगळं कळतं. तो यादीतून इमारती गाळतो, आणि आपल्या तोंडून एकही वावगा शब्द निघालेला नसतो. हीच गाळणी दुसऱ्या टोकालाही चालते. मुसलमान कुटुंबाला, आडनावावरून जात ओळखलेल्या दलित कुटुंबाला, एकट्या राहणाऱ्या मुलीला ‘फ्लॅट कालच गेला’ असं उत्तर मिळतं. नाही म्हणणारा मालक कुठेच दिसत नाही, दिसतो तो एजंट. कायद्याचा आधारही इथे तोकडा आहे. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात, सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवणारा तिचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ग्राह्य धरला होता.

२०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारल्याचं समोर आलं, तेव्हा आपण संतापलो. मासे-मटण शिजवणाऱ्या मराठी घरांना मुंबईत फ्लॅट नाकारले जातात, तेव्हाही संतापतो. तो संताप रास्त आहे. पण ज्याला तो खरोखर आला असेल, त्याला आपल्या एजंटाला ‘आपल्यातली वस्ती’ असं सांगता येणार नाही. इथे पळवाट काढायला जागा नाही. आपली लेकरं ज्या जिन्यात खेळणार आहेत, तिथे कोण राहू नये हे आपण परक्या माणसाकडून ठरवून घेतो आणि त्याचे पैसेही देतो.

घर शोधायला कोणाला नेमणार असाल तर पहिली इमारत पाहण्याआधी त्याच्याशी एका कागदावर चार गोष्टी ठरवा. मेहनताना ठोक रकमेत असेल, किमतीच्या टक्क्यांत नाही आणि तुटलेल्या भावातल्या वाट्यातही नाही. विकणाऱ्याकडून तो काही घेणार नाही. माझ्या नावावर तो कोणाशी खोटं बोलणार नाही. जात, धर्म पाहून इमारती गाळणार नाही. आणि टोकन देण्याआधी स्वतः जा. बंगळुरूहून रात्रीची बस पकडावी लागली तरी जा. विकणाऱ्या माणसाला भेटा, आणि भाव कसा ठरला ते एजंटाला बाहेर थांबवून त्यांच्याच तोंडून ऐका.