आठवा



नवा राजा निवडायला शमुवेल संदेष्टा तेलाचं शिंग घेऊन बेथलेहेमात इशायाच्या घरी आला. थोरला अलीयाब उंचापुरा. शमुवेलाला वाटलं, हाच तो. देव म्हणाला, नाही. एकेक करत सात मुलगे पुढून गेले. आठवा, दावीद, रानात मेंढरं राखत होता. त्याला बोलावणंही कुणाला सुचलं नव्हतं. अभिषेक झाला तो त्याचाच.

ख्रिस्ती श्रद्धेत निवड देवाची, माणसाच्या मोजपट्टीची नाही. रोमकरांस पत्र लिहिताना प्रेषित पौलानं तिला कृपेची निवड म्हटलं. कृपेनं मिळालेलं मिरवायचं कशाला? दावीदही पुन्हा मेंढरांकडेच गेला.

आज कुणाला कमी लेखण्याआधी रानातल्या त्या आठव्याला जरूर आठवा.