समुद्र उणा होतो काय?



चाळीस-पंचेचाळीस वर्षे कीर्तनसेवा घडली. आता आवाज साथ देत नाही आणि गुडघे उभे राहू देत नाहीत, म्हणून नारदांची गादी सोडून श्रोत्यांत बसतो. बसलेल्या माणसाला आपलेच पूर्वीचे बोलणे आठवते. मग कधी कधी ते बोलणेच आपल्याला प्रश्न विचारू लागते. अशाच एका प्रश्नाची ही गोष्ट आहे.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला समुद्राची उपमा दिली आहे, आणि माउलींनी ज्ञानेश्वरीत तिचा विस्तार केला आहे. पावसाळ्यात साऱ्या नद्या येऊन मिळाल्या तरी समुद्र फुगत नाही, उन्हाळ्यात त्या आटल्या तरी तो कमी होत नाही. हा दृष्टांत मी शेकडो वेळा सांगितला. हात पसरून म्हणायचो, "बाबांनो, समुद्रातून कितीही काढा, तो उणा होत नाही!" टाळकरी डोलायचे, मृदंगावर थाप पडायची.

काही वर्षांपूर्वी अलिबागजवळच्या एका कोळीवाड्यात सप्ताहाला गेलो होतो. तिथेही हेच बोललो. कीर्तन संपल्यावर एक वयस्क नाखवा पाया पडायला आला. गळ्यात तुळशीची माळ होती. स्वतः मासे खात नाही, पण होडी आणि जाळे वडिलोपार्जित. तो हळूच म्हणाला, "महाराज, रागावू नका. समुद्र उणा होतो. आम्ही रोज बघतो. माझ्या बापाला किनाऱ्याजवळ जेवढं पापलेट मिळायचं, तेवढ्यासाठी मला दोन दोन दिवस आत जायला लागतं. आणि जे मिळतं ते तळहाताएवढं."

मी गप्प झालो. नंतर त्यानेच समजावून सांगितले. बारीक आसाचे जाळे टाकले की पिल्लेही त्यात येतात. जो मासा एकदाही अंडी घालण्याआधी पकडला गेला, त्याचा वंश तिथेच थांबला. व्याज खाण्याऐवजी मुद्दलच खाऊन टाकावे, तसे हे आहे. म्हणून महाराष्ट्रात 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, कारण पावसाळा हा पुष्कळ माशांच्या विणीचा काळ. 2023 साली पापलेट हा राज्यमासा ठरला, आणि त्याच वर्षी 54 जातींच्या माशांसाठी, अमुक लांबीपेक्षा लहान मासा धरू नये, असा नियमही झाला.

हे ऐकताना मला वाटले, ही तर समुद्राची एकादशी! आपण आषाढीला पंढरीच्या वाटेवर असतो, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. देव क्षीरसागरात शयन करतात आणि कोळी जाळे गुंडाळून ठेवतो. मी तसे बोलून दाखवले. नाखवा हसला, आणि मग त्याने खरा प्रश्न विचारला.

"महाराज, मी उपास पाळतो. पण कोणी बंदीतही चोरून जातो, कोणी एलईडी दिवे लावून सगळी मासळी एका रात्रीत गोळा करतो. त्याला 2017 पासून मनाई आहे, तरी चालतंच. मी सोडलेलं पिल्लू तो धरतो. मग मी सोडून काय मिळवलं? माझ्या डोक्यावर होडीचं कर्ज आहे."

मी पटकन म्हणालो, "शेजाऱ्याने एकादशी मोडली म्हणून आपण मोडतो का?" उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळले. एकादशीचे फळ ज्याचे त्याला मिळते. समुद्राचे तसे नाही. तिथे एकाच्या व्रताचे फळ दुसरा पळवून नेऊ शकतो.

पुढे वाचनात न्यूफाउंडलंडची हकिकत आली. कॅनडाच्या त्या बेटाजवळच्या समुद्रात कॉड मासा इतका होता की तो संपेल हे कोणाला खरे वाटत नसे. 1968 साली तिथून सुमारे 8 लाख टन कॉड काढला. 1992 च्या जुलैत सरकारला मासेमारीच थांबवावी लागली. सुमारे 30,000 लोकांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी उठायला 2024 साल उजाडले. ज्यांनी वेळेवर 61 दिवसांचा उपास केला नाही, त्यांना 32 वर्षांचा उपास घडला. त्यात हावरा आणि संयमी दोघेही उपाशी राहिले.

म्हणून नाखव्याला आज मी वेगळे उत्तर देईन. एकट्याचे व्रत हवेच, नाहीतर नियम सांगण्याचा अधिकार कोणाला उरेल? पण त्याला दिंडीची शिस्तही हवी. दिंडीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. चोपदाराने चोप उंचावला की लाखोंचा समुदाय शांत होतो, कारण तो नियम सर्वांना सारखा असतो. समुद्रावरही नियम लहान होडीला आणि मोठ्या ट्रॉलरला सारखाच लागला पाहिजे. गरिबाने पाळायचा आणि धनवंताने मोडायचा, त्याला व्रत म्हणत नाहीत, त्याला अन्याय म्हणतात.

आता माळकरी वाचक म्हणतील, "बुवा, आम्ही मासे खातच नाही. आमचा काय संबंध?" मलाही तसेच वाटत होते. पण चंद्रभागेच्या वाळवंटात आपण टाकलेली प्लास्टिकची पिशवी कुठे जाते? इंद्रायणी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. जे धरणात, गाळात अडकत नाही, ते तिकडेच निघते. समुद्रातले कासव तरंगती पिशवी खाद्य समजून गिळते. पृथ्वीवर तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे निम्मा समुद्रातल्या वनस्पती आणि सूक्ष्म जीव तयार करतात. वारीत अंगावर पडणारा पाऊसही त्या समुद्रावरूनच येतो. ताटात मासा नाही, म्हणून समुद्राचे ऋण नाही, असे होत नाही. महाभारतात कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकायला मिथिलेच्या व्याधाकडे जावे लागले. मला कोळीवाड्यात जावे लागले.

मग माउलींचा दृष्टांत खोटा ठरला काय? नाही. खोटे होते ते माझे निरूपण. ती उपमा समुद्रातून हवे तेवढे उपसण्याची परवानगी नाही. आपण समुद्रासारखे व्हावे, आले तरी फुगू नये, गेले तरी खचू नये, आपली मर्यादा सोडू नये, यासाठी ती आहे. आम्ही उलटे केले. समुद्र अपार आहे असे धरून चाललो, आणि अपार झाली ती आमची हाव.

यंदा वारीला जाताना पिशवी कापडाची घ्या, नदीत काही टाकू नका, आणि किनाऱ्यावर ओढलेली होडी दिसली तर तिलाही हात जोडा. तीही व्रतस्थ आहे.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!