राखण



आपल्या धर्मग्रामातील काही यात्रेकरू यंदा मे महिन्यात मेजुगोरियेला जाऊन आले, हे आपणांस ठाऊक आहे. तेथील रोजरीविषयी, खडकाळ डोंगरावरच्या क्रुसाच्या वाटेविषयी अनेकांनी विचारले आणि आम्ही ते सांगितलेही. (व्हॅटिकनने 2024च्या सप्टेंबरमध्ये तेथील भक्तीला मोकळीक दिली, पण दर्शने अलौकिक आहेत की नाहीत याचा निर्णय दिलेला नाही. तेथे जाऊ इच्छिणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.) आज मात्र लिहायचे आहे ते मेजुगोरियेहून क्रोएशियाच्या राजधानीकडे, झाग्रेबला, जाताना वाटेत लागलेल्या एका ठिकाणाविषयी. त्याचे नाव प्लिट्वित्से.

तेथे एक दिवस थांबायचे ठरले तेव्हा आमच्यातील काहींचा सूर नाराजीचा होता. ‘आपण यात्रेला आलो आहोत की सहलीला?’ प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर त्या दिवशी कोणी दिले नाही. संध्याकाळी बसमध्ये रोजरी सुरू झाली तेव्हा ज्यांनी तो विचारला होता, त्यांनीच सृष्टीबद्दल उपकार मानण्याचा हेतू सांगितला, एवढे मात्र खरे.

प्लिट्वित्से हे क्रोएशियाचे राष्ट्रीय उद्यान. सुमारे 300 चौरस किलोमीटरचा प्रदेश, बहुतेक सारा जंगलाचा. बीच आणि फर या झाडांची दाटी, आत अस्वले आणि लांडगे. या जंगलाच्या मधोमध एका दरीत 16 तळी आहेत, एकाखाली एक, पायऱ्यांसारखी. वरच्या तळ्याचे पाणी बांधावरून ओसंडते, खालच्यात पडते, तेथून पुढच्यात. सर्वांत वरच्या तळ्याचे नाव प्रोश्चान्स्को. तेथील लोक या नावाचा संबंध याचना करणे या अर्थाच्या शब्दाशी लावतात. फार पूर्वी मोठा दुष्काळ पडला, लोकांनी पावसासाठी याचना केली आणि मग असा पाऊस झाला की तळीच भरून राहिली, अशी लोककथा आहे. आपल्याकडे ज्येष्ठ कोरडा गेला की आपणही पावसासाठी मिस्साचे हेतू देतो. त्यामुळे ही कथा आम्हांला परकी वाटली नाही.

शेवटी ‘वेलिकी स्लाप’ म्हणजे मोठा धबधबा, 78 मीटर उंचीचा. त्याच्यासमोर फोटोसाठी झुंबड असते. तिथे आम्ही फार रेंगाळलो नाही. आम्हांला अडवून ठेवले ते बांधांनी.

ते बांध कोणी माणसाने घातलेले नाहीत. पावसाचे पाणी हवेतून आणि मातीतून कर्बवायू घेते आणि डोंगरातला चुनखडक विरघळवत खाली येते. धबधब्यावर पाणी फुटले, उडाले की तो वायू निघून जातो आणि विरघळलेला चुना परत सुटा होतो. तो बसतो कशावर? तर शेवाळावर, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जिवांवर. चुन्याचे कवच चढले की शेवाळाचा खालचा भाग मरतो, दगड होतो. वरचा कोंब मात्र हिरवाच राहून वाढत जातो, आणि त्याच्यावर पुन्हा चुना. असा हा बांध वर्षाला फार तर एखादा सेंटिमीटर वाढतो. पाण्यात उन्मळून पडलेले झाडही कोणी बाहेर काढत नाही. त्याच्यावरही पांढरे कवच चढते. कोझ्याक नावाच्या सर्वांत मोठ्या तळ्याच्या पोटात तर एक जुना बांध बुडालेला आहे. खालचा बांध त्याच्यापेक्षा लवकर उंच झाला, पाणी चढले आणि दोन तळ्यांचे एक झाले.

हे सारे चालते ते पाणी निर्मळ असेल तरच. सांडपाणी किंवा खत त्यात मिसळू लागले की चुना धरण्याचे काम मंदावते. बांध कमजोर होतात, गवत-वनस्पती माजतात, आणि तळी गाळाने भरू लागतात. म्हणून तेथे नियम कडक आहेत. लाकडी फळ्यांच्या वाटेवरूनच चालायचे. पोहायचे नाही, 2006पासून तर पूर्ण बंदीच. कोझ्याकवर होड्या आहेत, पण विजेवर चालणाऱ्या. तिकीटही ठरलेल्या वेळेचे असते, वाटेल तेव्हा आत शिरता येत नाही.

आमच्यातील एका आजीबाईंनी वाटेच्या कडेचा बोटाच्या पेराएवढा पांढरा दगड उचलला. घरच्या आल्तारावर आठवण म्हणून ठेवावा, इतकाच त्यांचा भाव. सोबतच्या वाटाड्या मुलीने तो अदबीने परत ठेवायला सांगितला. आजीबाई म्हणाल्या, ‘अगो बाय, एवढासा तर आहे!’ ते तिला भाषांतर करून सांगितले. ती हसली आणि म्हणाली, वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसे येतात, प्रत्येकाने एवढासाच घेतला तर? आजीबाईंनी दगड जागेवर ठेवला, वर क्रुसाची खूण केली.

उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने आदामाला बागेत ठेवले ते दोन कामांसाठी: मशागत करायला आणि राखायला. पहिल्या कामात आपण वसईकर कोणाला हार जाणारे नव्हे. केळी, पानवेल, मोगरा, भाजीपाला. आपल्या वाडवडिलांनी ही वाडी घामाने फुलवली. दुसऱ्या कामाचे काय? राखणे म्हणजे नुसते कुंपण घालणे नव्हे. राखणे म्हणजे जे हाताशी आहे, घेता येण्यासारखे आहे, ते न घेणे. उपवासकाळात आपण चाळीस दिवस मांस-मच्छी सोडतो, तेव्हा हेच शिकत असतो. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले, ते याच अर्थाने. सामाईक घरातली वस्तू कोणी एकटा विकत नाही.

राखणाऱ्यांच्या गोष्टी प्लिट्वित्सेत आहेत. मिल्का त्रनिना नावाची थोर गायिका होती. तिने 1897 मध्ये झाग्रेबमधील आपल्या एका गायनाच्या कार्यक्रमाचे उत्पन्न या तळ्यांच्या रक्षणासाठी दिले. तेथील एका धबधब्याला आज तिचे नाव आहे. पुढे 8 एप्रिल 1949 रोजी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, ते देवाचे नाव न घेणाऱ्या कम्युनिस्ट राजवटीत. 1979 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून त्याची नोंद केली.

आणि मग 1991 साल. त्या वर्षी 31 मार्चला आपला पास्काचा रविवार होता. युगोस्लाव्हिया फुटत होता. क्रोएशियातील सर्ब बंडखोरांनी उद्यानाचा ताबा घेतला होता आणि तो सोडवण्यासाठी क्रोएशियन पोलीस पहाटे तेथे पोहोचले. गोळीबार झाला. दोन माणसे मेली, दोन्ही बाजूंचे एकेक: योसिप योविच आणि रायको वुकादिनोविच. योसिप म्हणजे आपला योसेफ. एका बाजूला कॅथलिक, दुसऱ्या बाजूला ऑर्थोडॉक्स. दोघेही ख्रिस्ताचेच नाव घेणारे. ऑर्थोडॉक्स पंचांगाप्रमाणे त्या वर्षीचा पास्का 7 एप्रिलला होता. म्हणजे एका बाजूच्यांचा तो पुनरुत्थानाचा दिवस आणि दुसऱ्या बाजूच्यांचा झावळ्यांचा रविवार. त्या लढाईला क्रोएशियात ‘रक्तरंजित पास्का’ म्हणतात. पुढे 1995च्या ऑगस्टपर्यंत हा मुलूख बंडखोरांच्या ताब्यात होता, आणि 1992 पासून 1997 पर्यंत युनेस्कोने या तळ्यांचे नाव धोक्यातील वारशांच्या यादीत ठेवले होते.

देव न मानणाऱ्यांच्या राजवटीत जे राखले गेले, तेथे ख्रिस्ताच्या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्यांनी सणाच्या पहाटे एकमेकांवर बंदुका रोखल्या. इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे, हे आम्हांला मान्य आहे. त्या राजवटीने ख्रिस्तसभेला दिलेला त्रासही आम्ही विसरलेलो नाही. तरी हे वाक्य आम्हांला खोडता आले नाही. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी एकमेकांचे शेजारी असलेली ती माणसे जमिनीसाठीच भांडत होती: ही कोणाची, येथे कोण राहणार. आपल्या गावात बंदुका नाहीत, देवाची कृपा. पण बांधावरून बोलणे टाकलेले भाऊ याच चर्चमध्ये दोन वेगळ्या बाकांवर बसतात, आणि शांतीचा अभिवादनविधी आला की एक उजवीकडे वळतो, दुसरा डावीकडे.

आता आपल्या पाण्याविषयी. आपल्या गावोगावच्या बावखलांत पूर्वी मुले पोहायला शिकली, बैल धुतले गेले, रहाटाने वाड्या भिजल्या. पावसाचे पाणी त्यांत साठते, जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरी गोड राहतात. हे सांगायला शास्त्रज्ञ नको, आपली आजी सांगेल. टँकरने विहिरी उपसल्या गेल्या तेव्हा पाणी कसे मचूळ होत गेले, हे पन्नाशीच्या पुढच्या सर्वांनी पाहिले आहे. त्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी उभे राहिले. 2024च्या जुलैमध्ये ते आपल्यातून गेले. एकेक बावखल मात्र बुजतच राहिले. बहुतेक वेळा कोणी परका येऊन बुजवत नाही. वाटणी होते, कोणीतरी म्हणतो, ‘या साचलेल्या पाण्याचा उपयोग काय?’ आणि मातीचा पहिला ट्रक येतो. 2018च्या जुलैत पाणी कित्येक दिवस आपल्या गल्ल्यांतून हलले नाही. त्याची कारणे अनेक होती, पण पाण्याची जागा आपण घेतली हे त्यातले एक होते.

चर्चच्या मागे असलेले बावखल बुजवून तेथे गाड्या उभ्या करण्याची सोय करावी, असा प्रस्ताव धर्मग्राम परिषदेपुढे आहे. अडचण खोटी नाही. लग्नाच्या दिवशी रस्ता अडतो, सणाला शेजाऱ्यांच्या अंगणात गाड्या लागतात आणि कुरबुरी होतात. प्रस्ताव मांडणाऱ्यांचा हेतूही चांगलाच आहे. तरीही आमचे मत भरावाच्या विरुद्ध आहे. सणाचे दिवस वर्षात मोजके. त्या दिवसांसाठी शाळेच्या मैदानाची परवानगी मागता येईल, जवळच्यांना पायी येता येईल. बुजवलेले बावखल मात्र परत मागता येत नाही.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात याविषयी बैठक आहे. चर्चच्या मागच्या आळीत ज्यांच्या विहिरी आहेत, त्यांनी अगत्याने यावे आणि यंदा एप्रिल-मेमध्ये आपल्या विहिरीचे पाणी किती हात खाली गेले होते, चव कशी होती, ते सांगावे. ज्या घरांतील वडीलधाऱ्यांनी ते बावखल उपसताना, गाळ काढताना पाहिले आहे, त्यांनाही सोबत घेऊन यावे. चालवत नसेल तर निरोप द्यावा, युवक गाडी पाठवतील.