तुम्ही झोपा, मी बघते

लग्नाच्या मांडवात हातात माइक आला की भल्याभल्यांना समुद्र आठवतो. ज्यांनी जन्मात वसईची खाडी फक्त लोकलच्या दारात लोंबकळत ओलांडली, तेही 'तुमच्या संसाराची नौका सुखरूप पैलतीरी जावो' असा आशीर्वाद देऊन मोकळे होतात. नौकेला भोक पडलं तर पाणी कुणी उपसायचं, आणि रात्री एकाला झोप अनावर झाली तर सुकाणू कुणी धरायचं, याबद्दल चकार शब्द नाही. पंगत खोळंबलेली असते ना!

आम्ही गिरीजचे. म्हणजे समुद्राच्या इतके जवळ, की त्याचा खारा वारा घरात शिरून खिडकीचे गज खातो. पण जात्याच वाडीतली माणसं. केळी, विहीर, रहाट यांतलं काही विचारा. होडीतलं कळत नाही. नवरा-बायकोनं मिळून केलेला आमचा जलप्रवास म्हणाल, तर वसई-भाईंदर रो-रो बोटीचा. ही बोट २०२४ साली सुरू झाली. तेवढ्यासाठी घोडबंदरचा वळसा घालणाऱ्यांची मोठी सोय झाली. माझ्या मते संसारी माणसासाठी याहून उत्तम जलप्रवास नाही. 'तुम्ही नेहमीच असं करता' इथपर्यंत भांडण येतं न येतं तोच धक्का येतो. पंधरा-वीस मिनिटांत कुठलंच लग्न मोडत नाही.

पण प्रवास लांबला तर?

इंग्लंडातल्या मॉरिस आणि मॅरालिन बेली या जोडप्यानं तो लांबवून पाहिला. डर्बीचं राहतं घर विकून त्यांनी शिडाची होडी घेतली. दोघांच्या नावांची सांधेजोड करून तिचं नाव ठेवलं 'ऑरॅलिन'. (आपल्याकडे बंगल्यांची नावं अशी ठेवतात आणि पुढे मुलं ती बिल्डरला विकतात.) १९७२ साली दोघं न्यूझीलंडला निघाले. मॅरालिनला पोहता येत नव्हतं. मॉरिसनं संदेश पाठवणारा रेडिओ मुद्दाम घेतला नव्हता. बाहेरच्या जगाची कटकट नको! घरातला फोन काढून टाकावा असं प्रत्येक नवऱ्याला कधी ना कधी वाटतं, त्यातलाच हा प्रकार.

४ मार्च १९७३ रोजी पॅसिफिक महासागरात एका देवमाशानं होडीला धडक दिली आणि ती बुडाली. उरला तो रबरी तराफा, एक चिमुकली होडगी आणि नवरा-बायको. ११७ दिवस. पावसाचं पाणी प्यायचं, सेफ्टी पिना वाकवून केलेल्या गळानं मासे धरायचे, कासवं खायची. सात जहाजं समोरून गेली, एकानंही पाहिलं नाही. शेवटी ३० जूनला कोरियाच्या एका मासेमारी बोटीनं त्यांना उचललं.

या हकिगतीतलं मला सगळ्यात विचार करायला लावणारं काय असेल, तर ते देवमासा नव्हे. नकाशे, दिशा, तारे यांचं शास्त्र मॉरिसचं. म्हणजे कप्तान तोच. पण होडी बुडाल्यावर त्याची उमेद खचली आणि धीर धरला तो पोहता न येणाऱ्या बाईनं. तिनं कागदाचे पत्ते केले, दिवस मोजले, सुटका झाल्यावर काय काय खायचं याच्या याद्या केल्या, एवढंच नव्हे तर पुढची होडी कशी बांधायची याचे बेतही केले. मी असतो तर होडीचा विषय काढणाऱ्याला तिथंच पाण्यात ढकललं असतं. पण तिच्या त्या बेतांवर दोघं तरली. पुढे ती दुसरी होडीही झाली आणि दोघं तीत बसून पॅटागोनियापर्यंत जाऊन आली.

आता आपल्याकडे या. भारतीय नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून 'तारिणी' या शिडाच्या बोटीतून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ रोजी परत आल्या. बोट छप्पन्न फुटी. बोटीवर माणसं दोन. आठ महिने. आमच्या चाळीत दोन सख्ख्या जावा आठ दिवस एका मोरीत काढू शकत नसत.

दोघांच्या होडीत रीत सरळ असते. एक जागा, दुसरा झोपलेला. समुद्र रात्री बंद होत नाही. आणि इथंच मला खरा प्रश्न दिसतो. होडीचा कप्तान कोण, यावर जगात पुष्कळ भांडणं झाली. पण तो प्रश्न दिवसाउजेडीचा आहे. रात्रीचा प्रश्न वेगळा. दुसऱ्याच्या हाती सुकाणू असताना तुम्हांला झोप लागते का?

डोळे मिटून विश्वास ठेवणं सोपं असतं. विश्वास ठेवून डोळे मिटणं कठीण. आपण नवरे मंडळी 'मी आहे ना, तू काळजी करू नकोस' असं मोठ्या प्रेमानं म्हणतो. बायकाही 'तुम्ही स्वैपाकघरात लुडबुडू नका' असं तितक्याच प्रेमानं म्हणतात. ऐकायला गोड. पण याचा अर्थ काय होतो? माझ्यावाचून तुझं अडलं पाहिजे! माणसाला आपण हवेहवेसे असावं असं वाटतं, हे ठीक. पण आपल्यावाचून दुसऱ्याला चालताच येऊ नये, याला प्रेम म्हणायचं की मक्तेदारी?

कुणी म्हणेल, कामाची वाटणी हवीच की. हवीच. पाचूबंदरला जाऊन पाहा. कोळी दर्यावर जातो, मासळी बाजारात विकते ती कोळीण. होडीवर तांडेलाचं चालतं, पैशाच्या पिशवीपाशी तिचं. पण तो दर्यावर असताना घर, मुलं, उधारी, देणीघेणी सगळं ती एकटी हाकते. तिथं वाटणी आहे, पांगळेपण नाही. आमच्या पांढरपेशा घरांत दोन माणसांचा संसार चाळीस वर्षं चालतो आणि साखरेचा डबा कुठला हे एकाला, पासबुक कुठल्या खणात हे दुसऱ्याला शेवटपर्यंत ठाऊक नसतं. पंचाहत्तरीचा गृहस्थ पत्नीच्या तेराव्यानंतर चहासाठी शेजारणीचं दार वाजवतो. अंगठीतलं सोनं मोडून झाल्यावर एखाद्या बाईला कळतं, की यजमानांची ठेव बँकेत पडून होती. यात कुणी दुष्ट नसतो. दोघांनी एकमेकांची काळजी घेतलेली असते. फक्त कुणी कुणाला सुकाणू धरायला शिकवलेलं नसतं.

मॅरालिन २००२ साली गेली. मॉरिस २०१८ साली. समुद्रावरचे ११७ दिवस दोघांनी मिळून काढले, आणि जमिनीवरची सोळा वर्षं त्यानं तिच्यावाचून. हा हिशेब वाचल्यापासून मला समुद्राची भीती कमी आणि जमिनीची जास्त वाटू लागली आहे. प्रत्येक जोडप्यातलं एक माणूस कधी तरी एकटं पहाऱ्यावर राहणार. कोण, ते आधी कळत नाही. म्हणून दोघांनाही यायला हवं.

आमच्या घरी हल्ली दर गुरुवारी पाळी बदलते. भात-आमटी माझ्याकडे, बँक आणि बिलं तिच्याकडे. शिकणं त्यामानानं सोपं गेलं. अवघड गेलं ते शिकवणाऱ्यानं गप्प बसणं. मी कुकर लावतो तेव्हा ती बाहेरच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसते. पान उलटत नाही. 'तिसरी झाली हो!' हे शब्द तिच्या ओठांपर्यंत येतात, तिथं अडतात, आणि मला भिंतीपलीकडून ऐकू येतात. पण ती उठत नाही. चाळीस वर्षांत तिनं मला दिलेला हा सगळ्यात मोठा मान.

परवा ती एकटी बँकेत गेली. मुदत ठेवीचं काम होतं. मी चपला शोधायला लागलो तशी म्हणाली, "तुम्ही झोपा, मी बघते." मी आज्ञाधारकपणे आडवा झालो. पंखा लावला. डोळेसुद्धा मिटले. झोप यायला अजून थोडा सराव हवा.