झाकणारी दुरुस्ती आणि उलगडणारी दुरुस्ती

निवृत्तीनंतरच्या वेळेचे काय करावे, या प्रश्नाला वृत्तपत्रांच्या पुरवण्या आणि ज्येष्ठ नागरिक संघांतील व्याख्याने जे ठरावीक उत्तर देतात, त्यात योगासने, बागकाम आणि नातवंडे यांच्या जोडीला आता घरातील छोट्यामोठ्या दुरुस्त्यांचाही समावेश झाला आहे. थोड्या खर्चात घर नीटनेटके करावे, हात चालते ठेवावेत आणि मन रमवावे, असे या सल्ल्याचे स्वरूप असते. सल्ला निरुपद्रवी दिसतो, पण त्यामागचा विचार उथळ आहे. कारण दुरुस्ती करणाऱ्या माणसाला काय मिळेल एवढेच त्यात पाहिले जाते आणि ज्या वस्तूची दुरुस्ती करायची तिचे पुढे काय होईल, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. ही गफलत किती महागात पडते हे तपासायचे असेल, तर कल्याणच्या पुढची उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे पुरेशी आहेत.

या शहरांचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी बराकींची घरे आणि घरांचे कारखाने केले, आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथला विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना, आयुध निर्माणी आणि १९५३ पासूनची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी यांनी फिटर, टर्नर आणि मशिनिस्ट यांच्या पिढ्या घडवल्या. बदलापूरने प्रामुख्याने मुंबईच्या चाकरमान्यांना परवडणारे छप्पर दिले. त्यामुळे इथे निवृत्त होणारा माणूस एकाच साच्यातला नसतो. एकाने आयुष्यभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवलेला असतो, तर दुसऱ्याने अडुसष्ट किलोमीटरवरच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणारी सकाळची लोकल धरून आणि रात्री परतून आपले घर दिवसाच्या उजेडात फक्त रविवारी पाहिलेले असते. साठीला आल्यावर त्याला भिंतीवरची ओल प्रथमच नीट दिसते, आणि तीही बहुधा पोपडे धरल्यावर.

घरच्या घरी दुरुस्ती केल्याने पैसे वाचतात, हा युक्तिवाद खरा असला तरी किरकोळ आहे. अशाने मिस्त्रीच्या पोटावर पाय येतो, हा आक्षेप तर नळाचा वॉशर बदलायला मिस्त्री सहजासहजी येतच नाही, या रोजच्या अनुभवापुढे टिकत नाही. दखल घ्यावी असे मत एकच आहे, आणि ते म्हणजे दुरुस्तीला मन रमवण्याचे साधन मानणारे मत.

या मताचा मूळ दोष असा की, त्याच्या दृष्टीने कोणतेही काम दुसऱ्या कोणत्याही कामाच्या जागी चालते. शब्दकोडे अर्धे सोडले, विणकाम चुकले किंवा बासरी बेसूर वाजली, तरी मन रमल्याशी कारण. मग गळका नळ गळतच राहिला तरी त्या हिशेबाने दुपार सार्थकी लागली असेच म्हणावे लागेल. प्रत्यक्षात दुरुस्तीचे वैशिष्ट्य याच्या नेमके उलट आहे. तिचा निकाल करणाऱ्याच्या समाधानावर अवलंबून नसतो. पंखा मंद फिरू लागला आणि त्याचा अडीच मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर बदलला, तर पंखा पूर्ववत फिरतो किंवा फिरत नाही. फिरला नाही तर दोष बेअरिंगमध्ये, वाइंडिंगमध्ये किंवा रेग्युलेटरमध्ये शोधावा लागतो, आणि या शोधात माणसाच्या वयाला, हुद्द्याला वा हेतूला कोणतीही सवलत मिळत नाही.

याच मताला आणखी एक बाजू आहे, आणि ती अधिक आक्षेपार्ह आहे. पांढरपेशा निवृत्त माणूस हातात पाना घेतो तेव्हा त्या कामाला छंद ठरवण्याची घाई का होते, याचे उत्तर हातकामाला हलके मानणाऱ्या आपल्या जुन्या समाजरचनेत आहे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच मांडले होते. वर्ध्याच्या नई तालीमपासून पाबळच्या विज्ञान आश्रमापर्यंत अनेक प्रयोगांनी हातकाम आणि बुद्धीचे काम यांच्यातली दरी बुजवण्याची धडपड केली. छंदाची भाषा मात्र ती दरी कायम ठेवून वर तिला सुसंस्कृत रूप देते, कारण मिस्त्री करतो ते काम आणि साहेब करतात तो विरंगुळा, असे तिचे गृहीतक असते. मन रमणे हा दुरुस्तीचा आनुषंगिक लाभ असू शकतो, हे मान्य केलेच पाहिजे. तो तिचा हेतू ठरला की काम चांगले झाले की वाईट, हे विचारण्याची सोयच उरत नाही.

वास्तविक जो भेद करायला हवा तो हौशी आणि व्यावसायिक यांच्यातला नाही, आणि स्वस्त व महाग यांच्यातलाही नाही. तो झाकणारी दुरुस्ती आणि उलगडणारी दुरुस्ती यांच्यातला आहे. दोषाचे चिन्ह नाहीसे करते ती झाकणारी दुरुस्ती, आणि चिन्हाचा माग काढत कारणापर्यंत पोहोचते ती उलगडणारी. ओल आलेल्या छतावर पुट्टी फिरवून रंग देणे, त्याखाली पीओपीचे छत टांगणे, फुटक्या लादीवर नवी लादी बसवणे, ही कामे झटपट होतात, देखणी दिसतात आणि म्हणूनच थोड्या खर्चातल्या गृहसजावटीच्या सल्ल्यांत त्यांचा भरणा असतो. परंतु काँक्रीटमधील सळई ओलाव्याने गंजते तेव्हा गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक होते आणि तो बाहेरचे काँक्रीट आतून फोडू लागतो. ही तडफोड दाखवणारी पहिली खूण पीओपीमागे गेली, की सूचना देणारे काहीच उरत नाही. लादीवर लादी बसवताना वीस मिलिमीटर मसाला आणि लादी मिळून चौरस मीटरला साधारण साठ किलो वजन वाढते, म्हणजे दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीत अर्ध्या टनाहून अधिक.

उल्हासनगरात मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे वरच्या मजल्यांवरील स्लॅब खालपर्यंत कोसळून रहिवासी मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनांचे मूळ निकृष्ट बांधकामात असते आणि त्याचा दोष रहिवाशांच्या रंगकामावर टाकणे अन्यायाचे होईल. तथापि धोक्याच्या खुणा झाकण्याची सवय जिथे रुळते, तिथे संरचना तपासणीची गरजही उशिराच पटते, एवढे म्हणायला हरकत नाही.

उलगडणाऱ्या दुरुस्तीला जे लागते ते ठेकेदाराकडे नसते आणि निवृत्ताकडे असते, ते म्हणजे थांबून पाहण्याइतका वेळ. छतावरच्या ओलीचेच पाहा. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तिच्याजवळ तारीख लिहिली, आणि वरच्या शेजाऱ्याच्या संमतीने त्याच्या न्हाणीघरातील ट्रॅपचे तोंड बंद करून इंचभर पाणी दोन दिवस साठवून ठेवले, तर डाग वाढतो की नाही यावरून जमिनीच्या वॉटरप्रूफिंगबद्दल बरेच कळते. डाग रात्रंदिवस सारखाच ओला राहत असेल तर संशय टाकीतून येणाऱ्या, सदैव दाब असलेल्या नळावर जातो. आंघोळीनंतरच वाढत असेल तर सांडपाण्याच्या जोडावर. आणि केवळ पावसाळ्यात दिसत असेल तर गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीच्या आणि बाहेरील भिंतींच्या गळतीचा खर्च संस्थेवर, तर सभासदाच्या न्हाणीघरातून होणाऱ्या गळतीचा खर्च त्या सभासदावर येत असल्यामुळे, कारण ठरवणे म्हणजे जबाबदारी ठरवणेही असते. रोजंदारीवरचा माणूस चार महिने डाग पाहत बसू शकत नाही, त्यामुळे तो सगळेच उकरतो किंवा सगळ्यावरच लेप देतो. यात त्याची अप्रामाणिकता असतेच असे नाही, त्याच्या कामाचा दरच तसा ठरलेला असतो.

या भेदामुळे हौशी कामाची मर्यादाही आपोआप आखली जाते. कॉलम वा बीमला छिन्नी लावणे, मेन स्विच चालू ठेवून वायरला हात घालणे, डगमगत्या स्टुलावर चढणे, ही धाडसे कोणत्याही वयात मूर्खपणाची आणि सत्तरीत अधिकच. दोषाचे कारण शोधणाऱ्याला बहुधा ती करावीही लागत नाहीत, कारण निदान झाले की पुढचे काम जाणकाराच्या हाती सोपवताना नेमके काय करून घ्यायचे ते त्याला सांगता येते. तीस वर्षे उलटलेल्या इमारतींना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार संरचना स्थैर्याचे प्रमाणपत्र आवश्यक असते. अभियंता त्या तपासणीला येतो तेव्हा तारखांसह लिहिलेली डागांची वही नव्या रंगाच्या भिंतींपेक्षा कितीतरी उपयोगी पडेल.

तेव्हा निवृत्त माणसाने घरात काय काय बनवले, याची यादी करून त्याच्या दिवसांचे मोल ठरवण्याची पद्धत सोडून द्यावी. गच्चीचे काम होईपर्यंत दिवाणखान्यातला डाग न रंगवता तसाच ठेवणारा आणि त्याबद्दल पाहुण्यांची नाराजी सोसणारा गृहस्थ, तीन रविवारांत घर चकाचक करणाऱ्यापेक्षा दुरुस्तीच्या अधिक जवळ असतो, मग त्याचे मन त्यात रमो वा न रमो.